गावाला फेडरल अनुदान मिळालं, पण खरेदी कुणाच्या नियमाने?

निविदाग्रस्त

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या बरोच्या (इथली नगरपंचायत समजा) वित्त खात्यात काम करते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

२०२१ च्या सप्टेंबरात इडा वादळ आलं तेव्हा आमच्या सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनची वीज गेली, पंप बंद पडले आणि सखल भागातल्या तळघरांत काय शिरलं ते लिहीत नाही, कुणी जेवत असेल. आता फेमाच्या (अमेरिकी सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) आपत्ती-निवारण अनुदानातून तिथे कायमचा जनरेटर बसवायचा आहे. ७५ टक्के पैसा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, उरलेला आमचा. पैसा फेमाकडून राज्याकडे आणि राज्याकडून आमच्याकडे येतो. म्हणजे करारावर सह्या राज्याच्या आणि आमच्या, पण खरेदीचे नियम वॉशिंग्टनचे: २ सीएफआर (फेडरल नियमसंहिता) भाग २००, कलम ३१८ ते ३२७.

जनरेटरची अडचण नाही, त्याची रीतसर निविदा निघेल. अडचण आहे इंजिनियरची. इथल्या रिवाजाप्रमाणे जानेवारीतल्या पहिल्या सभेत कौन्सिल ठराव करून वर्षभरासाठी गावाचा इंजिनियर नेमतं. न्यू जर्सीच्या कायद्यात व्यावसायिक सेवांना निविदेतून सूट आहे, त्यामुळे त्यात बेकायदा काही नाही. फर्म जुनी आहे, माणसं चांगली आहेत, गावातलं प्रत्येक मॅनहोल त्यांना तोंडपाठ आहे. कौन्सिल म्हणतं, डिझाइन आणि देखरेख त्यांनाच द्या, फी नेहमीसारखी बांधकाम खर्चाच्या अमुक टक्के.

माझ्या मते हे फेडरल पैशाला चालणार नाही. कौन्सिलमधले एक गृहस्थ म्हणतात, "राज्याच्या कायद्याला चालतं ना, मग झालं." इथे कुणी या कामात आहे का? मला त्यांच्यासमोर ठेवायला नीट मांडणी हवी आहे.

ओहायोकर

मी एका काउंटीचे (आपल्याकडचा जिल्हा समजा) अनुदान हिशेब बघतो. तुमची शंका बरोबर आहे, आणि एक सोडून दोन ठिकाणी.

पहिलं. राज्याचा कायदा पाळला म्हणजे फेडरल नियम पाळला असं नाही. तुमच्यासारख्या स्थानिक संस्थेला तीन गोष्टी एकत्र लागू होतात: स्वतःचं लेखी खरेदी धोरण, राज्याचा कायदा आणि २ सीएफआर २००. ज्या मुद्द्यावर जो सर्वांत कडक, तो तिथे पाळायचा. स्वतःच्याच पद्धतीने खरेदी करायची मुभा कलम ३१७ प्रमाणे राज्य सरकारांना आहे, २०२४ च्या सुधारणेनंतर आदिवासी राष्ट्रांनाही आहे. काउंटी, बरो, टाउनशिप, शाळा यांना ती नाही. तुमचे कौन्सिलवाले बहुतेक इथेच गल्लत करताहेत. "राज्य" वाचतात आणि वाटतं, आपण राज्यातच आहोत की.

व्यावसायिक सेवांना निविदेतून सूट हा राज्याचा सवलतीचा नियम आहे. फेडरल नियमात अशी सूट नाही, स्पर्धा हवीच. मात्र आर्किटेक्ट-इंजिनियरिंगच्या कामाला एक खास वाट आहे. कलम ३२० प्रमाणे पात्रतेवर निवड करता येते, किंमत न विचारता. आधी सर्वांत योग्य फर्म ठरवा, मग तिच्याशी वाजवी मोबदल्याची वाटाघाट करा. ही वाट फक्त खऱ्या आर्किटेक्ट-इंजिनियर सेवांना. तीच फर्म अनुदानाची कागदपत्रं सांभाळायलाही तयार असते, पण ते काम या वाटेने देता येत नाही.

दुसरं, आणि मला जास्त गंभीर वाटतं ते हे. "बांधकाम खर्चाच्या अमुक टक्के" ही फी थेट निषिद्ध आहे. कलम ३२४ वाचा. खर्च वाढला की फी वाढते, म्हणजे काम महाग करण्यात इंजिनियरचा फायदा. ठोक रक्कम घ्या, नाहीतर तासांचे दर आणि त्यावर कमाल मर्यादा. मर्यादेशिवाय तासांचा करारही चालत नाही, आणि मर्यादा घातली तरी दुसरा कुठलाच करारप्रकार का जमत नव्हता ते फायलीत लिहावं लागतं.

जुना_लेखनिक

गंमत वाटली वाचून. आयुष्य जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत गेलं. आमच्याकडेही सल्लागाराची फी टक्केवारीतच असते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट ठोक फी लिहिली की विचारतात, हा आकडा आणला कुठून?

कामाचे तुकडे पाडणं तुमच्याकडेही आहे का हो? आमच्याकडे २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेत ३ लाखांवर ई-निविदा आली आणि दोन लाख नव्वद हजारांच्या फायली गठ्ठ्याने येऊ लागल्या.

ओहायोकर

काका, अगदी तेच. इथली उतरंड अशी: अगदी लहान खरेदी दरपत्रकं न मागवता, किंमत वाजवी वाटली की झालं. त्यावरची मधली खरेदी दरपत्रकांवर. त्यावर बंद लखोट्यातली निविदा किंवा जाहीर प्रस्ताव. लहान खरेदीची मर्यादा बरीच वर्षं १०,००० डॉलर होती आणि मधलीची २,५०,०००. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्या १५,००० आणि ३,५०,००० झाल्या. म्हणून ९,८०० डॉलरच्या तीन पावत्या, एकाच आठवड्यात, एकाच दुकानाच्या, असलं प्रकरण ऑडिटरला लांबूनच दिसतं.

पण @निविदाग्रस्त, एक खाच लक्षात ठेवा. वॉशिंग्टनने मर्यादा वाढवली म्हणून तुमची आपोआप वाढत नाही. तुमच्या लेखी धोरणात १०,००० छापलं असेल तर कौन्सिलने ठराव करून बदलेपर्यंत तुम्हाला १०,०००च लागू.

निविदाग्रस्त

धन्यवाद, फार उपयोगी. मर्यादांबद्दल आमचा उलटा प्रकार आहे. न्यू जर्सीत पात्र खरेदी अधिकारी असलेल्या गावाला जाहीर निविदेची मर्यादा २०२० च्या आकड्यांनी ४४,००० डॉलर होती (ती दर पाच वर्षांनी बदलते), अधिकारी नसेल तर फक्त १७,५००. मर्यादेच्या १५ टक्क्यांवर गेलं की दरपत्रकं, म्हणजे त्या हिशेबाने ६,६०० वर. त्यामुळे फेडरल सरकार १५,००० पर्यंत काही विचारत नसलं तरी आम्हाला दरपत्रकं मागवावीच लागतात, आणि फेडरल नियम साडेतीन लाखांपर्यंत दरपत्रकांवर समाधानी असला तरी आम्हाला त्याच्या कितीतरी आधी निविदा काढावी लागते.

म्हणजे सामानाच्या बाबतीत राज्य कडक आणि इंजिनियरच्या बाबतीत वॉशिंग्टन. एकाच प्रकल्पात, एकाच फायलीत. कौन्सिलला हे कसं समजवायचं?

पेन्सिल

जो नियम कडक तोच जिंकतो असं सांगा, दोन रकाने करा आणि प्रत्येक ओळीत ज्याच्या खाली खूण पडेल तो पाळा. त्यात समजायला अवघड काय आहे?

मला दुसरं विचारायचंय. एवढा खटाटोप कशाला? सहकारी खरेदीच्या राष्ट्रीय करारावरून जनरेटर घ्या. सोर्सवेलसारख्या संस्थेने आधीच निविदा काढून दर ठरवलेले असतात, तुम्ही नुसती ऑर्डर द्यायची. आमच्या टाउनशिपने अग्निशमनाची गाडी तशीच घेतली.

ओहायोकर

गाडी कुठल्या पैशाने घेतली हा प्रश्न आहे. स्वतःच्या कराच्या पैशाने घेतली असेल तर तुमच्या राज्याचा कायदा बघा आणि सुखाने घ्या. फेडरल पैशाला कलम ३१८ एकत्रित खरेदीला उत्तेजनच देतं, मनाई करत नाही. पण ज्या संस्थेच्या करारावर तुम्ही स्वार होताय, तिने ती निविदा फेडरल नियमांप्रमाणे काढली होती हे दाखवायची जबाबदारी तुमची. मूळ जाहिरात, आलेल्या बोली, किंमतीची तुलना, करारातली फेडरल कलमं, सगळं मागवून फायलीला लावा. मोठ्या सहकारी संस्था हे कागद मागितल्यावर देतात. अडचण अशी की मागतच कुणी नाही.

आणि शेजारच्या काउंटीच्या करारावर चढणं तर फेमाच्या पैशात आणखी नाजूक. त्या काउंटीने तिच्या गरजेपुरती दोन जनरेटरची निविदा काढली होती, तुम्ही त्यात तिसरा घुसवला, तर त्या तिसऱ्याला स्पर्धा झालीच नाही.

पेन्सिल

बरं, मान्य. पण मग सहकारी खरेदीने वेळ वाचतो म्हणतात तो कुठे वाचला?

ओहायोकर

निविदेचा वाचतो. फायलीचा नाही.

शांभवी_एस

मी ऑडिटच्या बाजूने लिहिते. सिंगल ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये आहे. एका आर्थिक वर्षात ७,५०,००० डॉलर किंवा जास्त फेडरल पैसा खर्च झाला की हे ऑडिट लागायचं. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा नंतर सुरू झालेल्या वर्षांना ही मर्यादा १० लाख आहे. पण ऑडिट लागलं नाही म्हणजे नियम लागले नाहीत असं नव्हे. लहान गावांत हा गैरसमज फार आहे. राज्य किंवा फेमा फाइल कधीही मागू शकतात.

आम्ही बघतो तेव्हा चोरी क्वचित सापडते. सापडतं ते असं: दरपत्रकं घेतली होती पण फोनवर, त्यामुळे कागद नाही. एकच बोली आली, ती स्वीकारली, पण एकच का आली ते कुणी लिहिलं नाही. ठेकेदार फेडरल बंदीच्या यादीत नाही हे सॅम डॉट गव्हवर (फेडरल सरकारची ठेकेदार नोंदणीची वेबसाइट) पाहिलं असं सगळे शपथेवर सांगतात, पण पाहिल्याचा प्रिंट फायलीत नाही. किंवा प्रिंट आहे, त्यावरची तारीख करारानंतरची, म्हणजे ऑडिटर येणार कळल्यावर काढलेला. तो नसता लावला तर बरं असं वाटावं.

कलम ३१८ खरेदीचा इतिहास मागतं: ही पद्धत का निवडली, हा करारप्रकार का, हा ठेकेदार का घेतला किंवा का नाकारला, किंमत कशावरून ठरली. हे त्या दिवशी लिहायला पाच मिनिटं लागतात. दोन वर्षांनी ज्या बाईंनी खरेदी केली त्या निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेल्या असतात.

तिरका_डोळा

हे सगळं वाचून एकच कळलं. तीन माणसांच्या ऑफिसने जनरेटर घ्यायचा की फाइल बांधायची? ज्या गावांना मदतीची सर्वांत गरज तीच गावं असल्या कागदांना घाबरून अर्ज करत नाहीत. मोठ्या शहरांकडे अनुदानाचा वेगळा विभाग असतो, ती सगळं घेऊन जातात.

निविदाग्रस्त

@तिरका_डोळा यात तथ्य आहे, मी रोज बघते. २०२४ च्या सुधारणेत भाषा थोडी सोपी केली, लहान खरेदीची मर्यादा स्वतः प्रमाणित करून ५०,००० पर्यंत नेण्याची मुभा २०२० पासूनच आहे. पण न्यू जर्सीच्या गावाला त्याचा काय उपयोग? राज्याचा नियम आड येतोच.

तरी नियम मुळात कशासाठी आहेत हे इडाच्या वेळी दिसलं. पाणी उतरायच्या आत कचरा उचलणारे ठेकेदार ट्रक घेऊन दारात उभे होते आणि दर तोंडी सांगत होते.

कोपऱ्यातला_काका

व्हाइटफिश आठवतं का कुणाला? २०१७ ला मारिया वादळाने प्वेर्तो रिकोची सगळी वीज गेली. तिथल्या सरकारी वीज कंपनीने माँटानातल्या व्हाइटफिश गावच्या एका छोट्या कंपनीला ३० कोटी डॉलरचं काम दिलं, स्पर्धेशिवाय. वादळ आलं तेव्हा त्या कंपनीत पूर्णवेळ माणसं दोन. करारात चक्क लिहिलेलं की मजुरीच्या दरातला खर्च आणि नफा तपासायचा अधिकार फेमालाही नाही! बोंब झाली आणि ऑक्टोबर संपता संपता करार रद्द. तुमचं कलम ३१८ वगैरे तेव्हा झोपलं होतं काय?

ओहायोकर

प्वेर्तो रिको या नियमांत "राज्य" धरलं जातं, त्यामुळे त्यांची वाट कलम ३१७ ची होती. पण ते बाजूला ठेवा. दस्तऐवज तपासायचा फेडरल सरकारचा अधिकार करारात एक वाक्य घालून कुणालाच काढून घेता येत नाही.

वादळानंतर निविदा न काढता काम देणं हे मात्र गुन्हा नाही. कलम ३२० मध्ये सार्वजनिक निकडीला सूट आहे. पाणी घरात असताना पंप भाड्याने आणायला जाहिरात द्या असं कुणी म्हणत नाही. पण सूट निकड असेपर्यंतच. पहिल्या आठवड्यात तातडीने बोलावलेला ठेकेदार त्याच करारावर, त्याच दराने पुढच्या वसंतापर्यंत काम करत राहिला, की पुढचे पैसे फेमा नाकारू शकतं. निकड केव्हा सुरू झाली, केव्हा संपली आणि नंतर स्पर्धेने काम केव्हा दिलं, या तारखा फायलीत पाहिजेत.

निशिगंध_एडिसन

विषयाच्या जरा बाहेरचं. माझी बायको आणि मी छोटी इलेक्ट्रिकल कंपनी चालवतो, मालकी तिच्या नावावर. अशा कामांत आम्हाला शिरता येतं का? एका कंपनीचा फोन आला होता, सॅमवर नोंदणी करून देतो, बाराशे डॉलर द्या.

शांभवी_एस

देऊ नका! सॅमची नोंदणी फुकट आहे. आणि गावाच्या ठेकेदाराला ती सक्तीची नाही, गाव फक्त तुम्ही बंदीच्या यादीत नाही ना एवढंच बघतं.

कलम ३२१ प्रमाणे लहान, अल्पसंख्याक आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगांचा (२०२४ पासून माजी सैनिकांच्याही) विचार व्हावा अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ राखीव कोटा नाही. जाहिरात तुमच्यापर्यंत पोचावी, शक्य तिथे काम लहान भागांत विभागावं, एवढंच. राज्याचं महिला-मालकी प्रमाणपत्र काढा आणि आसपासच्या नगरपालिकांच्या खरेदी विभागांना यादीत नाव घालायला सांगा. फेडरल पैशाच्या बांधकामावर बऱ्याचदा डेव्हिस-बेकन कायद्याची वेतन अट (स्थानिक प्रचलित दराने मजुरी द्यायची) असते, २,००० डॉलरच्या वर. ती असेल तर दर आठवड्याला पगारपत्रक द्यावं लागेल. बोलीतच त्याचा खर्च धरा.

जुना_लेखनिक

शांभवीताई, काम लहान भागांत विभागायचं म्हणजे तेच ना, तुकडे पाडायचे? मघाशी ते वाईट होतं, आता चांगलं झालं?

शांभवी_एस

हाहा, पकडलंत काका. फरक हेतूचा. स्पर्धा वाढावी म्हणून विभागलं आणि प्रत्येक भागाला स्पर्धा ठेवली तर चालतं. स्पर्धा टाळायला विभागलं तर नाही. हेतू कसा कळतो म्हणाल तर, फायलीत लिहिलेला असतो. नसला तर ऑडिटर लिहितो.

पेन्सिल

दिवाळीला ठेकेदार मिठाईचे डबे पाठवतात त्याचं काय?

ओहायोकर

क्षुल्लक किमतीच्या, न मागता आलेल्या भेटींबद्दल तुमची संस्था स्वतः मर्यादा घालू शकते. मर्यादा लिहिलेलीच नसेल तर काजूकतलीचा डबाही परत करा. हितसंबंधांचा नियम नुसता पाकिटापुरता नाही. निवड करणाऱ्याचा नवरा, बायको, भागीदार किंवा ज्या कंपनीत तो नोकरीला जाणार आहे ती कंपनी, यांतलं कुणी बोली लावत असेल तर त्याने त्या निवडीत बसायचंच नाही.

@निविदाग्रस्त, यावरून तुमच्या इंजिनियरबद्दल अजून एक. जनरेटरची तांत्रिक अट तो लिहिणार. जो अट लिहितो त्याला पुढे तीच निविदा भरता येत नाही. तो स्वतः जनरेटर विकत नसेलच, पण त्याने एका ब्रँडचं नाव लिहून ठेवलं तर "किंवा समतुल्य" हे शब्द हवेत आणि समतुल्य म्हणजे नेमकं काय तेही.

कोपऱ्यातला_काका

त्या पंपिंग स्टेशनला कॅमेरे लावणार असाल तर हिकव्हिजन, दाहुआ या चिनी कंपन्यांचे विसरा. २०२० च्या ऑगस्टपासून फेडरल अनुदानाच्या पैशातून ते घेता येत नाहीत.

पायाभूत कामांना २०२२ पासून अमेरिकी लोखंडाची अटही आहे. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर मॅनहोलची झाकणं हावड्याच्या भट्टीतून आलेली आहेत, "मेड इन इंडिया" बघून आमच्या सौभाग्यवती फोटो काढतात. ही अट लागू असलेल्या कामात ते झाकण बसायचं नाही.

निविदाग्रस्त

हे कॅमेऱ्याचं डोक्यात नव्हतं, बघते. अमेरिकी मालाच्या अटीबद्दल राज्याच्या अनुदान कार्यालयाला लेखी विचारलं आहे, उत्तरही लेखीच मागितलंय.

सगळ्यांच्या उत्तरांवरून एक पानाचं टिपण केलं आणि कौन्सिलपुढे ठेवलं. गावाचा इंजिनियर जानेवारीच्या ठरावावर आहे तसाच राहील, गावाच्या पैशाच्या कामांना. या प्रकल्पाला वेगळी पात्रता-मागणी काढू, वेबसाइटवर आणि वर्तमानपत्रात. त्याच फर्मने त्यात भाग घ्यावा, मनाई नाही. तिला गावाची माहिती जास्त आहे तर ती गुणांकनात दिसेल. फी ठोक रकमेत.

ते गृहस्थ अजून कुरकुरताहेत. म्हणे एवढं करून शेवटी तीच फर्म येणार.

ओहायोकर

येऊ दे ना. तीच येणार असेल तर दोन आठवडे गेले, एवढंच. त्यांना आकड्यात सांगा: इंजिनियरची फी नामंजूर झाली तर तिचा ७५ टक्के फेडरल वाटा गावाच्या तिजोरीतून जाईल, आणि पुढच्या अर्थसंकल्पाच्या सभेत त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

गुणांकनाचे निकष मात्र जाहिरातीतच छापा. आणि "याच गावात दहा वर्षांचा अनुभव" असा निकष घालू नका. स्थानिकांना झुकतं माप द्यायची बंदी २०२४ मध्ये उठली हे खरं, पण तो एकाच फर्मला बसणारा निकष होईल.

निविदाग्रस्त

घातलेला होता. काढते.

तिरका_डोळा

मी काल चिडून लिहिलं होतं. माझ्या टाउनशिपने पण कोविडच्या पैशातून बरंच काही घेतलंय. सामान्य रहिवाशाला या फायली बघता येतात का?

शांभवी_एस

न्यू जर्सीत असाल तर ओप्रा कायद्याखाली अर्ज करा, आपल्या माहिती अधिकारासारखाच. साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. करार, ठराव, बोलींचा तक्ता असं नेमकं मागा, "सगळी कागदपत्रं" मागितलीत तर अर्ज फेटाळतील.

पण आधी एक बघा. अमेरिकन रेस्क्यू प्लॅनचे, म्हणजे त्या कोविड मदतीचे, १ कोटी डॉलरपर्यंतचे पैसे बऱ्याच छोट्या गावांनी "महसुली तूट" या खात्यात दाखवले. त्या भागाला फेडरल खरेदी नियम लागू नाहीत, ट्रेझरीनेच (फेडरल अर्थखातं) तसं स्पष्ट केलं आहे. तिथे राज्याचा कायदा पुरतो. त्यामुळे फायलीत हे कागद दिसले नाहीत म्हणून लगेच घोटाळा समजू नका.

निविदाग्रस्त

आणि बहुतेक ठिकाणी गोंधळ तिथूनच सुरू झाला. कौन्सिलला वाटतं, मागच्या वेळी फेडरल पैसा आला तेव्हा कुणी एवढं विचारलं नव्हतं, आता ही बाई कुठून नवीन नियम काढते.

शेवटचं एक विचारते. फाइल किती वर्षं ठेवायची?

ओहायोकर

अंतिम आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं, ऑडिट किंवा दावा चालू असेल तर तो मिटेपर्यंत. फेमाच्या कामात घड्याळ तुमचा अहवाल गेला तेव्हा सुरू होतं की राज्याचा, हे राज्याच्या कार्यालयाला विचारून घ्या आणि तेही उत्तर फायलीला लावा.